शर्यतीचा दिवस आणि न छापलेला फड

इंग्रजी अमदानीत मुंबईहून निघणाऱ्या एखाद्या इंग्रजी दैनिकाची जुनी फाइल काढावी आणि पावसाळ्यातील पुण्याच्या घोडशर्यतींचा अंक उघडावा. हंगामातील मुख्य दिवसाचा वृत्तांत स्तंभच्या स्तंभ भरून आलेला असतो. शर्यत किती फर्लांगांची, बक्षीस किती रुपयांचे, घोडा अरबी की ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेला ‘वेलर’, मालक कोण, स्वार कोण, पाठीवरचे वजन किती स्टोन आणि किती पौंड, पहिला घोडा दुसऱ्याच्या किती पुढे, वेळ किती, पैजेचा भाव काय, यांतील काहीही सुटत नाही. गव्हर्नरसाहेबांची स्वारी केव्हा आली, बँड कोणत्या पलटणीचा होता, सकाळच्या पावसाने धावपट्टी किती जड झाली होती, इथपर्यंत तपशील. शंभर-सव्वाशे वर्षांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही तो सारा दिवस उभा राहतो.

तो पुण्यातील श्रावणाचा काळ. शर्यतींचा हंगाम लष्करच्या मैदानावर भरात असे, आणि त्याच श्रावणात नागपंचमीला महाराष्ट्राच्या गावोगावी कुस्तीचे फड रंगत. रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या जोडींपासून फेट्या-कड्याच्या निकाली कुस्तीपर्यंत हलगीच्या तालावर दिवस मावळे. त्या दिवशी कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केले? जोड किती वेळ झुंजली? वस्ताद कोण होते? घोडशर्यतीचा वृत्तांत देणाऱ्या त्या पानावर या प्रश्नांची उत्तरे क्वचितच सापडतात. घोड्याच्या आईबापांची नावे सापडतात. मल्लाचे स्वतःचे नावही सापडत नाही.

वसाहतकालीन वृत्तपत्रांतील ‘स्थानिक क्रीडावृत्त’ म्हणून आज जे संशोधकांच्या हाती येते, त्याचे स्वरूप हे असे आहे. ‘स्थानिक’ या शब्दाचा त्या संपादकांचा अर्थ होता कॅम्पातले, जिमखान्यातले, पलटणीतले. कसबा, शुक्रवार, भवानी या पेठा मैलभराच्या अंतरावर असूनही त्या अर्थाने स्थानिक नव्हत्या. यात नवल वाटण्याचे कारण नाही. वृत्तपत्र आपल्या वाचकासाठी छापले जाते आणि त्या पत्रांचा वाचक गोरा अधिकारी, व्यापारी आणि त्यांच्या वर्तुळात वावरणारा मूठभर एतद्देशीय वर्ग हा होता. ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या नावाने १८३८ मध्ये निघालेले आणि १८६१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ म्हणून ओळखले जाऊ लागलेले पत्र मुळातच व्यापारी मंडळींचे होते. मुंबईत अरबी घोड्यांचा मोठा व्यापार चाले. पलटणींना घोडे लागत, श्रीमंतांना लागत, शर्यतीला लागत. घोडा हा त्या शहराचा जिवंत माल होता आणि शर्यत ही त्या मालाची जाहीर परीक्षा. भायखळ्याची शर्यत पुढे महालक्ष्मीला गेली ती या व्यापाराच्या आणि हौसेच्या जोरावर.

परंतु सारे खापर साम्राज्याच्या माथी फोडून मोकळे होणे सोपे असले, तरी ते पुरते खरे नाही. शर्यतीचा दिवस इतक्या बारकाईने छापला गेला, याचे अर्धे कारण वृत्तपत्राच्या बाहेर होते. शर्यतीमागे लेखनाची एक शिस्त उभी होती. जातिवंत घोड्याची वंशावळ नोंदवहीत. प्रत्येक शर्यतीचा निकाल क्लबाच्या दप्तरात. चांगल्या घोड्याला अधिक वजन देऊन सर्वांना सारख्या पातळीवर आणायचे, ही ‘हँडिकॅप’ची पद्धत, आणि ते वजन ठरवायचे तर मागील प्रत्येक धावेची नोंद हवीच. म्हणजे नोंद हा शर्यतीचा अलंकार नव्हता, तिच्यावाचून पुढची शर्यत लावताच येत नव्हती. वार्ताहराला हा तपशील तयार मिळे. त्याने भर घातली ती पोशाखांची आणि पावसाची.

हा खेळ केवळ गोऱ्यांचा राहिला असेही नाही. संस्थानिक, पारशी धनिक, आगाखान यांच्या पागा नामांकित होत्या. तिसऱ्या आगाखानांनी पुढे इंग्लंडमधील एप्सम डर्बी १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२ अशी पाच वेळा जिंकली. (त्यांच्याच येरवड्याच्या वाड्यात १९४२ पासून गांधीजी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांनी तेथेच १९४४ मध्ये देह ठेवला. पुणेकरांना आज तो वाडा आठवतो तो यासाठी, घोड्यांसाठी नव्हे. हाही एक न्यायच म्हणायचा.) १९४३ मध्ये मुंबईला पहिली ‘इंडियन डर्बी’ झाली, ती ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने जिंकली. मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची ‘दख्खनची राणी’ १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा ती शनिवार-रविवारची गाडी होती आणि मुंबईहून पुण्याच्या शर्यतींना येणाऱ्या शौकिनांचा तिच्यात मोठा भरणा असे. पुढे ती चाकरमान्यांची झाली, हा इतिहास त्या गाडीच्या पासधारकांनाही ठाऊक नसतो.

शर्यतीच्या वृत्तांतात मात्र एक माणूस कुठेच नाही. मोतद्दार. घोड्याबरोबर तबेल्यात झोपणारा, त्याला खरारा करणारा, पहाटे फिरवून आणणारा, पोटशूळ उठला तर रात्रभर त्याच्यापाशी उभा राहणारा. मालक, शिक्षक, स्वार, घोडा, घोड्याचा बाप, इतक्या सर्वांची नावे छापणाऱ्या स्तंभात मोतद्दाराला जागा नव्हती. शर्यतीच्या मैदानावर एतद्देशीय माणूस अदृश्य कसा होतो, हे पाहायला त्यासाठी पेठेत जाण्याचीही गरज नाही.

मल्लविद्येकडे पाहावे तर कथा निराळी दिसते. ती अदृश्य नव्हती, इंग्रजी पत्राला दिसत नव्हती इतकेच. गामा पैलवानाचे उदाहरण बोलके आहे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला झिबिस्को या नामांकित पोलिश मल्लाशी त्याची लढत अडीच तासांहून अधिक चालली; आठवड्याने ठेवलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. लंडनच्या पत्रांनी ते छापले, तारेने ते इकडे आले, आणि मग हिंदुस्थानातील मल्ल ही ‘बातमी’ झाली. तत्पूर्वी हाच गामा संस्थानांच्या आखाड्यांत वर्षानुवर्षे कुस्त्या मारीत होता. इकडे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले ते १९१२ मध्ये खुले झाले. युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. तसाच गोल, मधोमध मातीचा हौदा, चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, शेवटच्या माणसालाही जोड स्पष्ट दिसावी अशी रचना. घोडशर्यतीच्या स्टँडला भाव देणाऱ्या काळात एका राजाने लाल मातीसाठी एवढी वास्तू उभी करावी, ही साधी गोष्ट नव्हे. खासबागेतील कुस्त्यांच्या आठवणी कोल्हापूरच्या घराघरांत आहेत. पण जोडीमागून जोड, डावामागून डाव अशी सलग लेखी नोंद शोधायला गेले, तर हाती पुन्हा आठवणीच लागतात.

याउलट ज्याने लिहून ठेवले, तो टिकला. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर एतद्देशीय पोरे क्रिकेट खेळत. त्याच जागेवर जिमखान्याचे गोरे सदस्य पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या. येथेही घोडाच, शर्यतीचा नव्हे, पोलोचा. १८८१ मध्ये हिंदू, पारशी आणि मुसलमान खेळाडूंनी शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नरांकडे धाडला. पुढे अर्ज-विनंत्यांचा आणि वृत्तपत्रीय पत्रांचा लांबलचक झगडा झाला. तो आज तपशीलवार माहीत आहे, कारण शापूरजी सोराबजी नावाच्या एका पारशी क्रिकेटप्रेमीने १८९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. संपादकाची वाट पाहत तो बसला नाही.

बाळू पालवणकरांची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा तरुण पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याला फलंदाजी मिळत नसे, कारण ते काम साहेबांचे. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले, ते त्याच्या हातातील जादू पाहून. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देणारेही आपलेच लोक होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्राने त्या विजयाची सांगड समाजसुधारणेशी घातली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. धाकटे बंधू विठ्ठल पालवणकर १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी पुढे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. इंग्रजी पत्रांतील धावफलकांत पालवणकर बंधूंच्या धावा आणि बळी सापडतात. त्यांचा अपमान, त्यांचे घर, त्यांची जिद्द समजून घ्यायची तर मराठी पुस्तकाचीच पाने उलटावी लागतात. ते पुस्तक आज किती वाचनालयांत आहे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या गावच्या ग्रंथपालास विचारून पाहावा.

मग आपली वृत्तपत्रे काय करीत होती? ‘दर्पण’ १८३२ चे, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चे, ‘केसरी’ १८८१ चा. ही पत्रे निघाली ती लोकशिक्षणासाठी, सुधारणेसाठी, स्वराज्यासाठी. कुस्तीचा निकाल त्यांच्या लेखी दुय्यम होता आणि घोडशर्यत म्हणजे तर जुगार. त्यात तथ्यही होते. शर्यतीवरील पैजांनी घरे बसत होती. शर्यतीच्या मैदानांना परवाना सक्तीचा करणारा कायदा मुंबई सरकारला १९१२ मध्ये करावा लागला, आणि १९२५ मध्ये त्याच पैजांवर कर बसवून सरकारने आपलाही वाटा काढला. स्वतः लोकमान्यांनी विद्यार्थिदशेत एक वर्ष शरीर कमावण्यात घालवले होते. तालमीचे मोल न कळणारी ही पिढी नव्हती. पण तालीम ही करण्याची गोष्ट, छापण्याची नव्हे, अशी समजूत तिच्या हाडीमासी होती. आपल्याकडे पराक्रम पोवाड्यात जातो, तारीखवार वहीत जात नाही.

मराठी पत्रांत जे थोडेफार आले असेल, त्याच्यावरही एक गाळणी बसली. सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सार दर आठवड्याला गोपनीयरीत्या तयार करवून घेई. राजद्रोहाचा वास कुठे येतो का, रयतेत असंतोष कुठे आहे, हे पाहण्यासाठी ती व्यवस्था होती. अनेक छोट्या मराठी पत्रांचे मूळ अंक आज मिळत नाहीत. ती जिवंत आहेत ती या सरकारी सारांशांत. भाषांतर करणाऱ्या कारकुनाने जत्रेतल्या फडाची हकीकत कशासाठी उतरून घ्यावी? म्हणून परदेशी विद्यापीठात बसलेल्या अभ्यासकाला एकीकडे दिसतात शर्यतींचे स्तंभ, दुसरीकडे दिसतो सरकारने गाळलेला असंतोष. घाटावरचा माणूस त्याला एक तर मोतद्दार म्हणून दिसत नाही, नाही तर संशयित म्हणून दिसतो. तो हसत होता, खेळत होता, खुराकासाठी दुधाचा रतीब लावीत होता, हे त्याला कुठून कळावे?

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या आवडीचा असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. कागद पुढे न्यायालयात उभा राहतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात घोडशर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. घोड्याचे वंशवृत्त, त्याची मागील कामगिरी, वजन, स्वार यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्यामागील विचार होता. म्हणजे जी नोंद क्लबाच्या दप्तरात होत गेली आणि वृत्तपत्रांत छापली गेली, तीच शेवटी त्या खेळाच्या कामी आली.

आता बैलगाडा शर्यतीकडे पाहावे. पुणे-नगरकडचा घाट, विदर्भातील शंकरपट, खिलार बैलांची जोपासना हे सारे शेतकऱ्याच्या जगण्याचा भाग. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असेही त्या निकालात म्हटले होते. राज्याने २०१७ मध्ये कायदादुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सर्व वर्षांत बैलगाडा मालकांना ‘ही आमची परंपरा आहे’ असे सांगावे लागत होते. घोड्याला ते सांगावे लागले नाही. बैलांशी क्रौर्य होते की नाही, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो जुन्या कागदांनी सुटणारा नाही. चाबकाचे वळ घोड्याच्या पाठीवरही उठतात. पण कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, किती गाड्या धावल्या, नियम काय होते, जखमी बैलाचे काय केले जाई, असे सलग दप्तर गावोगावी असते, तर युक्तिवाद केवळ भावनेच्या बळावर करावा लागला नसता.

नोंदीची परंपरा आपल्याला जमतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसने, मैदानी खेळ यांचा एवढा विस्तृत मराठी संग्रह दुसरा नाही. ज्या संस्थानाची घोडी पहिली डर्बी जिंकली, त्याच गावी हे कामही चालू होते! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. डेक्कन जिमखान्याने खो-खोला लेखी नियम दिले, म्हणून मुंबईचा संघ आणि पुण्याचा संघ एका मैदानात उतरू शकला. जेथे कोणी तरी बसून लिहिले, तेथे खेळ गावाची वेस ओलांडून गेला.

आज पेठांतील जुन्या तालमींत वस्तादांच्या वह्या आहेत. काहींत खुराकाचा हिशेब, काहींत फडांना गेलेल्या पोरांची नावे, काहींत जिंकलेले नारळ आणि फेटे. जिल्ह्याच्या साप्ताहिकांच्या फाइली छापखान्यांच्या माळ्यावर आहेत. मालक बदलला की त्या रद्दीत जातात. मुंबईच्या इंग्रजी दैनिकाचा १८३८ पासूनचा संग्रह संगणकावर शब्द टाकून शोधता येतो. आपल्या तालुक्याच्या पत्राचा १९३८ चा अंकही मिळेल याची खात्री नाही. गावच्या तालमीची, व्यायामशाळेची वा वाचनालयाची किल्ली ज्यांच्या कनवटीला आहे, त्यांनी निदान तो माळा एकदा उघडून पाहावा. छायाचित्रे काढायला आता खिशातला मोबाईल पुरतो, आणि त्या वह्या वाचून सांगणारे वस्ताद अजून काही ठिकाणी आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याने भरवलेल्या क्रीडास्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी सर दोराबजी टाटांनी पाहिले. त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेच्या जवळपास जाते, हे त्यांच्या ध्यानात आले, कारण तेथे कोणी तरी घड्याळ लावून उभे होते. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ दोन तास, पन्नास मिनिटे, पंचेचाळीस सेकंद.